एका लग्नाचे सगळे फोटो मागा

मी लग्नाचे अल्बम डिझाइन करते. शूट आटोपलं की फोटोग्राफरचं अख्खं फोल्डर माझ्याकडे येतं: चांगले, बरे, हललेले, डोळे मिटलेले, सगळे. त्यामुळे फोटोग्राफर कसा निवडायचा असं कुणी विचारलं की मी आधी एकच सांगते. इन्स्टाग्रामवरचे निवडक फोटो पाहून ठरवू नका. एकाच लग्नाचे सकाळपासून रात्रीपर्यंतचे सगळे फोटो दाखवायला सांगा. वर्षभराच्या कामातून वीस देखणे फोटो कुणाचेही निघतात. तुमच्या लग्नाला मात्र त्याच्या हातात एकच दिवस असणार आहे.

ते फोटो पाहताना उजेडातले भराभर पुढे सरकवा आणि संध्याकाळच्या, हॉलमधल्या फोटोंवर थांबा. खरी परीक्षा तिथे होते. रंगीत एलईडीखाली गाल जांभळे किंवा निळे पडलेत का, ते बघा. फोटोतला एखादा रंग मर्यादेबाहेर गेला की त्या जागचा तपशील नाहीसा होतो, मग फोटोशॉपमध्ये कितीही झटलं तरी मूळची त्वचा परत मिळत नाही. फोटोंवर आडवे पट्टे दिसतात का? एलईडी दिवे फार वेगाने लुकलुकत असतात, आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. पण शटरचा वेग त्यांच्याशी जुळला नाही की कॅमेऱ्यात पट्टे उमटतात. अनुभवी माणूस हे पहिल्या दोन-चार फोटोंतच ओळखतो आणि शटरचा वेग बदलतो. फ्लॅश थेट तोंडावर मारला असेल तर कपाळ चमकतं आणि मागच्या भिंतीवर काळी सावली पडते. तोच फ्लॅश छतावर किंवा बाजूच्या भिंतीवर मारला की उजेड मऊ होऊन येतो. आणि संध्याकाळचे बहुतेक फोटो ब्लॅक अँड व्हाइट असतील तर मूळ रंगीत फोटो मागा. बिघडलेला रंग झाकायला हा उपाय सर्रास वापरला जातो.

मग माणसं बघा. फक्त नवरा-नवरीच आहेत, की आजी-आजोबा, मागच्या रांगेत हसणारे मित्र, डोळे पुसणारे वडीलही टिपलेत? ग्रुप फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे आहेत का? अल्बम करताना मला सर्वांत जास्त कमतरता भासते ती लांबून घेतलेल्या फोटोंची. हल्ली f/1.4 वर, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप मोठं उघडून, पार्श्वभूमी धूसर करून चेहरे टिपण्याकडे कल आहे. एकेक फोटो सुंदर असतो, पण सलग चाळीस पानं नुसते चेहरे लावले की लग्न कुठे झालं, किती माणसं जमली होती, काहीच कळत नाही. शिवाय दोन पानांवर पसरणाऱ्या फोटोत मधल्या घडीवर चेहरा येऊन चालत नाही. आजूबाजूला मोकळी जागा लागते.

कँडिड हवं की पोज दिलेले, ही आवडीची बाब आहे. रंगसंस्काराबद्दल मात्र जपून राहा. सगळं तपकिरी-केशरी करणारी फॅशन आज छान वाटते, पण तिच्यात तुम्ही हौसेने निवडलेल्या कपड्यांचा रंगच बदलतो. पांढरी वस्तू पांढरी दिसते का, एवढं पाहिलंत तरी अंदाज येतो.

काम पसंत पडलं की विचारा, "प्रत्यक्ष कोण येणार?" मोठ्या स्टुडिओत काम एकाचं दाखवतात आणि शूटला दुसराच येतो. येणाऱ्याचं नाव करारात हवं, आणि तो आजारी पडला तर बदली कोण, हेही. नवरा-नवरीची तयारी वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी होणार असेल तर दुसरा फोटोग्राफर लागतोच.

कॅमेऱ्याच्या कंपनीवर वेळ घालवू नका. त्याऐवजी कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवतो का, ते विचारा. कार्ड कधीही दगा देतं, आणि लग्न पुन्हा शूट करता येत नाही. घरी गेल्यावर कॉपी किती ठिकाणी ठेवता, आणि फोटो आमच्या हाती पडेपर्यंत त्या पुसणार नाही ना, हेही विचारा. नीट काम करणाऱ्याला या प्रश्नांचा राग येत नाही. त्याची उत्तरं तयार असतात.

करारात तास, जादा वेळेचा दर, एडिट केलेल्या फोटोंची संख्या, देण्याची तारीख, अल्बममध्ये किती वेळा बदल करून मिळतील आणि तुमचे फोटो तो जाहिरातीला वापरणार का, एवढं लेखी असू द्या. त्यात पूर्ण आकाराच्या फायलींचाही उल्लेख करा. १२ बाय १८ इंचांचं पान ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापायला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारख्या पाठवलेल्या प्रती त्याच्या जवळपासही जात नाहीत. फायली ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कमध्ये घ्या, आणि शेवटचा हप्ता देण्याआधी त्यातल्या दहा-बारा उघडून त्यांचा आकार तपासा.