लेकराच्या नावाने: गेलेल्या मुलाची आठवण इतरांसाठी काही करून कशी जपावी

मूल गेल्यावर त्याच्यासाठी करायची कामे एका दिवसात संपतात. करण्याची सवय मात्र संपत नाही. शाळेची वेळ झाली की जाग येते, हात पाण्याच्या बाटलीकडे जातो आणि मग आठवते. त्या मोकळ्या पडलेल्या हातांना काम हवे असते, आणि ते त्या मुलाचेच असावे असे वाटते. मुलाच्या नावाने दुसऱ्या कुणासाठी तरी काही करावे, ही इच्छा बहुतेकदा येथूनच सुरू होते. ती कशी पुरी करावी, कोठे थांबावे आणि आजूबाजूच्या माणसांनी कसा हात द्यावा, याविषयी हे लिहीत आहे. माझा भाचा सहा वर्षांचा असताना गेला. पुढे जे सांगणार आहे त्यातले बरेचसे माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान आधी चुकून आणि मग सावरून शिकले आहेत.

एक शंका आधीच दूर करायला हवी. ‘असे त्याच्या नावाने करत राहिलात तर यातून बाहेर कधी पडणार?’ असे विचारणारे कुणी ना कुणी भेटतेच. विसाव्या शतकात बराच काळ तज्ज्ञांचा सल्लाही साधारण याच वळणाचा असे. १९९० च्या दशकात मात्र अमेरिकी अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की गेलेल्या माणसाशी असलेले नाते तुटत नाही, त्याचे रूप बदलते, आणि ते जपत जगणे हा काही आजार नव्हे. क्लास यांनी त्याआधी अपत्य गमावलेल्या आईवडिलांच्या गटाबरोबर अनेक वर्षे काढली होती. पुढे १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी दाखवून दिले की दुःखातले माणूस कधी दुःखाकडे वळते, तर कधी रोजच्या व्यवहाराकडे, आणि ही येजा स्वाभाविकच असते. त्यामुळे एखाद्या वर्षी उमेदीने काम करणे आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी दार लावून पडून राहणे, यात विसंगत असे काही नाही.

सुरुवातीची घाई करू नये. पहिल्या काही आठवड्यांत लोक भारावलेले असतात, निधी गोळा करू या, मोठा उपक्रम काढू या असे सुचवतात, आणि आईवडील सुन्न अवस्थेत होकार देऊन बसतात. अशा वेळी ‘आम्ही सहा महिन्यांनी सांगतो’ हे एकच उत्तर पुरेसे आहे.

काम मुलाच्या स्वभावात शोधावे

बहुतेकांची पहिली यादी ‘त्याला काय आवडायचे’ या प्रश्नातून तयार होते, आणि त्यातून खेळणी, रंग, एखादा प्राणी अशा वस्तू पुढे येतात. त्यापेक्षा ‘तो काय करायचा’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. न सांगता तो कोणते काम करायचा, कुणाची काळजी करायचा, कशावरून रागवायचा, कुणाला चिकटून असायचा, हे कागदावर लिहून काढावे. लिहिताना भांडकुदळपणा, हट्ट, वेंधळेपणा हेही येऊ द्यावे, कारण नुसत्या गुणांच्या यादीतून जे मूल उभे राहते ते आपले नसते. आवडीच्या वस्तू वाटणे सोपे असते, पण त्या कुणाच्याही मुलाच्या असू शकतात. सवय मात्र त्या एकट्याचीच असते.

माझ्या भाच्याची सवय पेन्सिलींना टोके काढण्याची होती. स्वतःच्या, शेजारच्या बाकावरच्या, घरी आलेल्या पाहुण्यांच्या मुलांच्या, दिसेल त्या पेन्सिली तो तासून ठेवायचा आणि त्यांची साले काडेपेटीत जमवायचा. पहिल्या वर्षी आम्हांला हे सुचलेच नाही. आम्ही शंभर मुलांसाठी शालेय साहित्याच्या पिशव्या भरल्या, माणसे बोलावली, छोटीशी भाषणे झाली. संध्याकाळी बहीण मला म्हणाली, ‘दादा, आज दिवसभर मी त्याची आई नव्हते, कार्यक्रमाची व्यवस्थापक होते.’ दुसऱ्या वर्षापासून ती दोघे त्याच्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री बसून चार डझन पेन्सिली हाताने तासतात आणि सकाळी एका शाळेच्या वाचनालयात नेऊन ठेवतात. यंत्राने पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला त्यांना दोन तास लागतात, आणि ते दोन तासच त्यांना हवे असतात. सकाळी वाचनालयात पेटी ठेवायला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

मूल स्वतःच एखादे काम सुरू करून गेले असेल, तर शोधाशोध करावीच लागत नाही. अमेरिकेतील अलेक्झांड्रा स्कॉट ही मुलगी लहानपणापासून कर्करोगाने आजारी होती. २००० मध्ये, चार वर्षांची असताना, आजारी मुलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मदत व्हावी म्हणून तिने घराबाहेर लिंबू सरबत विकायला मांडले. २००४ मध्ये ती गेली, आणि पुढे आईवडिलांनी तिचेच काम संस्थेच्या रूपाने चालू ठेवले. अशी मोठी उदाहरणे वाचून दडपण मात्र येऊ देऊ नये. १८८४ मध्ये पंधरा वर्षांचा एकुलता मुलगा विषमज्वराने गेल्यावर लेलंड आणि जेन स्टॅनफर्ड यांनी त्याच्या नावाने विद्यापीठ काढले हे खरे, पण त्यांच्याकडे रेल्वेतून कमावलेली अफाट संपत्ती होती. आपल्याला चार डझन पेन्सिली पुरतात.

ज्यांना सवयी लागण्याआधीच निरोप द्यावा लागला

गर्भात किंवा जन्मानंतर लगेच गेलेल्या बाळाच्या आईवडिलांपुढची अडचण वेगळी असते. बाळाचा स्वभाव कळायला वेळच मिळालेला नसतो, आणि लोकही ‘तो तर अजून’ असे म्हणत वाक्य अर्धवट सोडतात. अशा वेळी बाळाविषयी जे थोडे ठाऊक आहे तेच धरावे: जन्माची किंवा अपेक्षित तारीख, गरोदरपणाचे आठवडे, वजन, जगलेले दिवस. बाळ अकरा दिवस जगले असेल तर वर्षातून अकरा लहान कामे करता येतात. बाळ सव्विसाव्या आठवड्यात आले असेल, तर तेवढ्याच लहान बाळांसाठी टोपडी विणून रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागाला देता येतात, मात्र कोणती लोकर आणि कोणते माप चालेल हे तेथील परिचारिकेला आधी विचारावे. काही कुटुंबे मिळून गारवा देणारा खास पाळणा रुग्णालयाला भेट देतात, ज्यामुळे मृत बाळाला आईवडिलांजवळ थोडा अधिक वेळ ठेवता येते. ज्यांनी तो वेळ न मिळाल्याची खंत सोसली आहे, त्यांना या भेटीचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

बाळ गेल्यानंतरही आईला दूध येते, आणि त्याची पूर्वसूचना पुष्कळदा कुणी दिलेली नसते. काही दुग्धपेढ्या, म्हणजे गरजू बाळांसाठी मातांचे दूध साठवणारी केंद्रे, अशा मातांचे दूध तपासण्या करून स्वीकारतात. काही जणींना त्यातून फार समाधान मिळते, तर काही जणींना ते असह्य होते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने दूध थांबवणेच त्यांना बरे वाटते. हा निर्णय पूर्णपणे आईचा असावा. ‘दान कर, पुण्य लागेल’ असे तिला कुणीही म्हणू नये.

वर्षातला कोणता दिवस धरावा हे कळत नसेल, तर १५ ऑक्टोबर हा गर्भात किंवा तान्हेपणी गेलेल्या बाळांच्या स्मरणाचा दिवस म्हणून अनेक देशांत पाळला जातो. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आपापल्या स्थानिक वेळेप्रमाणे संध्याकाळी सात वाजता जगभर मेणबत्त्या लावल्या जातात. ही प्रथा १९९७ पासून चालत आली आहे, आणि तीत कोणत्याही वयात गेलेल्या मुलांचे स्मरण केले जाते.

नाव लिहावे की नाही

अमेरिकेतील जोआन काचिआतोरे यांची मुलगी १९९४ मध्ये जन्माच्या वेळी गेली. त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेने १९९७ च्या सुमारास एक साधी पद्धत रुजवली: कुणासाठी तरी नकळत एखादे चांगले काम करायचे आणि तेथे मुलाच्या नावाची लहानशी चिठ्ठी ठेवायची. या पद्धतीत देणारा अनोळखीच राहतो आणि मुलाचे नाव तेवढे पुढे जाते. अपत्य गमावलेल्या आईवडिलांची मोठी भीती हीच असते की ते नाव आता कुणाच्या तोंडी येणार नाही, म्हणून ही चिठ्ठी क्षुल्लक समजू नये.

चिठ्ठीत दोन वाक्यांपेक्षा जास्त काही नसावे. ‘ही पेन्सिल आमच्या मुलाच्या आठवणीत तासली आहे. त्याला बोथट पेन्सिल चालत नसे.’ एवढे लिहिले की वाचणाऱ्याच्या ओठांवर हसू येते, आणि ते यावेच. मृत्यूचे कारण, आजार, अपघात यांचा उल्लेख टाळावा, कारण ज्याला चिठ्ठी मिळेल तो लहान मुलगा असू शकतो, किंवा स्वतःच कोणत्या तरी दुःखात असू शकतो. फक्त पहिले नाव लिहावे. आडनाव, पत्ता आणि छायाचित्र देऊ नये. ‘तुम्हीही असेच करा’ ही विनंती जोडण्याचा मोह होतो, पण मग भेटीची कामगिरी होऊन बसते. आणि चिठ्ठीशिवाय काम करावेसे वाटले तर तेही तितकेच पुरे आहे.

घरात सर्वांचे एकमत होत नाही

दिवस निवडताना माझा कल वाढदिवसाकडे आहे. मृत्यूचा दिवस त्या घटनेचा असतो, तर वाढदिवस मुलाचा. तरी काहींना मृत्यूच्या दिवशी हातांना काम नसेल तर घड्याळाकडे पाहत बसावे लागते. त्यांनी तोच दिवस घ्यावा. बहुतेकांना प्रत्यक्ष दिवसापेक्षा आधीचा आठवडा जड जातो, म्हणून तयारी त्या आठवड्यात पसरावी आणि त्या दिवसासाठी अगदी थोडे शिल्लक ठेवावे.

आई आणि वडील यांचे दुःख क्वचितच एका वेगाने चालते. एकाला सर्वांना सांगावेसे वाटते, तर दुसऱ्याला नाव काढलेलेही सोसत नाही. अशा वेळी ज्याची इच्छा लहान असेल तिच्यापासून सुरुवात करावी, कारण लहान काम पुढे वाढवता येते, पण मोठे काम सुरू केल्यावर आवरता येत नाही. मागे राहिलेल्या भावंडांना सहभागी व्हायचे का, हे दरवेळी नव्याने विचारावे आणि नकार सहज स्वीकारावा. बहिणीची मोठी मुलगी दोन वर्षे पेन्सिली तासायला बसली नाही. तिसऱ्या वर्षी ती आपली काडेपेटी घेऊन आली आणि साले वेगळी काढू लागली. त्या रात्री कुणी काही बोलले नाही. भावंडाच्या स्वतःच्या वाढदिवशी मात्र दुसऱ्याच्या आठवणीचा कोणताही उपक्रम ठेवू नये.

नातेवाईक आणि मित्र यांनी आईवडिलांना न विचारता मुलाचे छायाचित्र किंवा नाव सार्वजनिक ठिकाणी वापरू नये. आपल्या पातळीवर लहानसे काम करून नंतर ‘आज त्याची आठवण आली, म्हणून असे केले’ एवढा निरोप पाठवावा आणि उत्तराची अपेक्षा ठेवू नये. असे निरोप पहिल्या वर्षी भरपूर येतात. चौथ्या, पाचव्या वर्षी येणारा एखादाच असतो, आणि तो आईवडिलांच्या कायम लक्षात राहतो.

पैसे गोळा करायचे झाल्यास स्वतंत्र खाते उघडावे, हिशेब घराबाहेरच्या माणसाकडे सोपवावा आणि मुदत आधीच जाहीर करावी. तीन वर्षांची शिष्यवृत्ती सन्मानाने संपते. ‘कायमस्वरूपी’ म्हणून जाहीर केलेली शिष्यवृत्ती पुढे टिकवता आली नाही, तर मुलाला दुसऱ्यांदा गमावल्यासारखे वाटू शकते. रुग्णालयाला खेळणी द्यायची असतील, तर ती नवी आणि पुसून स्वच्छ करता येण्याजोगी असावीत. मऊ, केसाळ खेळणी संसर्गाच्या भीतीने अनेक ठिकाणी घेत नाहीत. मृत्यूला कुणाचा निष्काळजीपणा कारणीभूत असेल, तर चांगले काम करतो म्हणून तक्रार सोडून द्यावी असे मुळीच नाही. दोन्ही एकाच वेळी करता येतात.

कामात गुंतूनही झोप, जेवण आणि नोकरी सावरत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाची भेट घ्यावी. दीर्घकाळ रेंगाळणारा शोक आता वैद्यकीय वर्गीकरणांतही नोंदला गेला आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीनुसार त्यासाठी मृत्यूनंतर किमान सहा महिने, तर २०२२ च्या अमेरिकी निकषांनुसार प्रौढांसाठी बारा महिने उलटलेले असावे लागतात. स्वतःचे जीवन संपवण्याचा विचार येत असेल, तर मात्र कोणत्याही मुदतीची वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे.

एखादे वर्ष चुकेल. सहाव्या वर्षी बहीण आजारी होती आणि पेटी गेली नाही. अडीच महिन्यांनी, एका साध्या मंगळवारी, ती एकटीच बसली, एक डझन पेन्सिली तासल्या आणि वाचनालयात नेऊन दिल्या. तेथील बाईंनी टेबलाच्या खणातून मागच्या वर्षीची रिकामी पेटी काढून तिच्यापुढे ठेवली.