हिवाळ्यासाठी ऑल-वेदर टायर निवडताना

ऑल-वेदर, म्हणजे उन्हाळा-हिवाळा दोन्हीत चालणारा टायर घ्यायला दुकानात जाण्याआधी मोबाइलचा टॉर्च लावा आणि आपल्या गाडीच्या चाकाशेजारी उकिडवे बसा. ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसून घ्या. धुळीखाली बरेच काही कोरलेले असते, आणि निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो.

आधी माप बघा. २०५/५५ आर१६ ९१व्ही अशी काहीतरी ओळ दिसेल. रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची. ९१ हा भाराचा अंक, म्हणजे एक टायर ६१५ किलो पेलतो. व्ही ही वेगाची मर्यादा, ताशी २४० किलोमीटर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बहुतेक गाड्यांना स्टिकर असते, त्याच्याशी हे ताडून पाहा. आधीच्या मालकाने भलतेच माप बसवलेले असू शकते. नव्या टायरचा भाराचा अंक यापेक्षा कमी चालणार नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर इथे जास्तच काटेकोर राहा, कारण बॅटरीमुळे ती अंगाने जड असते.

आता मुख्य गोष्ट. नावावर जाऊ नका. ‘ऑल-सीझन’ आणि ‘ऑल-वेदर’ हे शब्द कंपन्या आपापल्या सोयीने वापरतात, एका देशात एक अर्थ, दुसऱ्या देशात दुसरा. खरे बोलते ते चिन्ह: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण. हे १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेत आले. तिथल्या निकषाप्रमाणे हे चिन्ह मिळवायला टायरला दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तुलनेसाठी ठरवलेल्या टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त पकड दाखवावी लागते. नुसते ‘एम+एस’ लिहिलेले असेल तर ती ‘मड’ आणि ‘स्नो’ची, म्हणजे चिखल आणि बर्फाची, इंग्रजी आद्याक्षरे. नक्षी कशी आहे एवढ्यावर ती मिळतात, बर्फावर चाचणी झालेलीच असते असे नाही. विक्रेता ‘दोन्ही एकच हो’ म्हणाला तर हसून डोंगर दाखवायला सांगा.

पण डोंगर दिसला म्हणून लगेच पैसे काढू नका. ती परीक्षा दाबलेल्या बर्फावरची आहे. काचेसारख्या गुळगुळीत गोठलेल्या रस्त्यावर गाडी किती लवकर थांबेल, वळणावर कशी धरून राहील, हे ते चिन्ह सांगत नाही. म्हणून स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, आपला हिवाळा कसला? अधूनमधून भुरभुर, राडा झालेला ओला बर्फ, एकदोन दिवसांत साफ होणारे रस्ते, असे असेल तर ऑल-वेदर छान. दोनतीन महिने रस्ता पांढराच राहत असेल, घाट चढावा लागत असेल किंवा पहाटे बर्फ साफ करणारी गाडी येण्याआधी निघायचे असेल, तर निव्वळ हिवाळी टायरच घ्या. मी तरी तिथे तडजोड करणार नाही.

तडजोड कसली, तर रबराची. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंशांच्या खाली ताठ होत जाते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत अंगात रुतत नाही. हिवाळी रबर गारठ्यातही मऊ राहते, मात्र उन्हाळ्याच्या तापल्या डांबरावर भराभर झिजते. ऑल-वेदर या दोघांच्या मध्ये. वर्षातून दोनदा चाके बदलण्याची कटकट वाचते, दुसरा सेट ठेवायला जागा लागत नाही. बदल्यात कडक उन्हाळ्यात ब्रेक थोडा लांब लागतो.

नक्षीवरून अंगठा फिरवून पाहा. ठोकळ्यांवर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा हव्यात. चाक फिरताना त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. मोठ्या खाचांत बर्फ ठासून बसतो, तोही कामाचा, कारण बर्फावर बर्फ चांगला चिकटतो. बऱ्याच टायरमध्ये या चिरा तळापर्यंत जात नाहीत. त्यामुळे कायद्याची १.६ मिलिमीटरची मर्यादा हिवाळ्यात धरून चालू नका. खोली ४ मिलिमीटरच्या आसपास आली की बर्फापुरता तो टायर संपला.

मग तारीख. बाजूवर डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५ वा आठवडा. सवलतीत मिळणारा माल कधीकधी बराच जुना असतो, तेव्हा पैसे देण्याआधी चारही टायरवरचा आकडा वाचा. एका बाजूला तो अर्धवट असतो, मग दुसरी बाजू बघावी लागते.

चारही एकदम, एकाच जातीचे घ्या. पुढची चाके गाडी ओढतात म्हणून दोनच टायर घेऊन पुढे बसवण्याचा मोह होतो. पण मग पुढचे टायर धरतात, मागचे सुटतात आणि वळणावर गाडी शेपटाकडून फिरते. फोर-व्हील ड्राइव्हवाल्यांनाही हेच लागू. चारही चाकांना जोर मिळाल्याने गाडी निघते झटकन, पण थांबवायचे काम टायरचेच असते.

कायदाही पाहून घ्या. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यावर नुसत्या एम+एसला मान्यता नाही, डोंगराचे चिन्हच लागते. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि हे चिन्ह असलेला ऑल-वेदर तिथे चालतो.

बसवून झाल्यावर निघण्याआधी एकदा चाकांभोवती फिरून या. इंग्रजी व्ही आकाराची नक्षी असेल तर बाजूवर बाण असतो. तो गाडी पुढे जाताना चाक फिरते त्याच दिशेला हवा. घाईत एखादे चाक उलटे बसते. पहिले काहीशे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबराचा वरचा गुळगुळीत थर तेवढ्यात निघून जातो. आणि हवा टायर गार असतानाच तपासा. तापमान पाचसहा अंशांनी उतरले की दाब सुमारे १ पीएसआयने कमी होतो, त्यामुळे पहिल्या कडाक्याच्या थंडीत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तर पंक्चर शोधण्याआधी हवा भरून पाहा.