गिटार अ‍ॅम्पच्या ट्रेबलचा टोचणारा झोत कसा आवरावा

लहान कॉम्बो (ध्वनिवर्धक आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला) अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला, तर त्यातल्या स्पीकरचा मध्य जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर येतो आणि मीटरभर अंतरावर उभ्या असलेल्या वादकाचा कान १६० सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे वादक स्पीकरच्या समोरच्या सरळ रेषेपासून ५० अंशांहून अधिक वर असतो, तर चार मीटरवर खुर्चीत बसलेला श्रोता त्या रेषेपासून जेमतेम १३ अंश दूर असतो. वादकाला आवाज दबका वाटतो म्हणून तो ट्रेबल, म्हणजे उंच सुरांचे प्रमाण, वाढवतो, आणि पहिल्या रांगेतल्या लोकांच्या कानात सुया टोचू लागतात.

याचे कारण स्पीकरच्या आकारात आहे. (स्पीकर दुरुस्त करणारे त्याच्या कागदी पडद्याला ‘कोन’ म्हणतात, अंशांतल्या कोनाशी गल्लत नको म्हणून येथे त्याला कागदच म्हटले आहे.) १२ इंची स्पीकरचा प्रत्यक्ष हलणारा कागद सुमारे २६ सेंटिमीटर व्यासाचा असतो. ध्वनीची तरंगलांबी या व्यासापेक्षा बरीच मोठी असेल, तर आवाज चहूकडे पसरतो. ती व्यासाएवढी किंवा त्याहून लहान झाली की तो झोतासारखा समोर एकवटू लागतो. २६ सेंटिमीटरची तरंगलांबी सुमारे १३०० हर्ट्झला येते. ४००० हर्ट्झला ती साडेआठ सेंटिमीटर उरते, आणि कागद अगदी ताठ आहे असे धरून हिशेब केला, तर २४ अंश बाजूला गेल्यावर त्या पट्टीतला आवाज जवळजवळ नाहीसा व्हायला हवा. खरा कागद लवचीक असल्याने इतकी टोकाची स्थिती येत नाही, पण कल तोच राहतो. गिटारच्या स्पीकरमध्ये वेगळा ट्वीटर (उंच सुरांसाठीचा लहान स्पीकर) नसतो, त्यामुळे सुमारे ५००० हर्ट्झपर्यंतचे सारे काम या एकाच मोठ्या कागदावर पडते.

म्हणून ट्रेबलच्या नॉबला हात लावण्याआधी दोष दिशेचा आहे की सुराचा, हे तपासावे. लूपरवर (वाजवलेले पुन्हापुन्हा ऐकवणाऱ्या उपकरणावर) एखादा तुकडा चालू ठेवावा किंवा मित्राला वाजवायला सांगावे, अ‍ॅम्पपासून दोन मीटरवर जाऊन कान स्पीकरच्या उंचीवर येईल इतके खाली बसावे आणि मध्यापासून एका बाजूला ४५ अंशांपर्यंत कमानीसारख्या वाटेने हळूहळू सरकत ऐकावे. समोर असह्य आणि बाजूला सुसह्य असे वाटले, तर तो झोतच आहे. सगळीकडे सारखेच कर्कश वाटले, तर पुढचे उपाय करण्यात अर्थ नाही; अशा वेळी ब्राइट स्विच (उंच सूर वाढवणारा), पिकअप (तारांचे कंप टिपणारा गिटारमधला भाग), पेडल (आवाज बदलणारे पायाचे उपकरण) किंवा स्पीकरच तपासावा.

सर्वांत स्वस्त उपाय जागेचा आहे. अ‍ॅम्प मागे कलता ठेवून झोत स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवावा. वादकाला खरा ट्रेबल ऐकू आला की तो आपणहून कमी करतो. फेंडरच्या अनेक जुन्या कॉम्बोंना बाजूला तिरके पाय बसवलेले असत, ते याचसाठी. असे पाय नसल्यास तिरका स्टँड घ्यावा. विटेवर टेकवलेला जड व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प मंचावर पाहिला की माझा जीव टांगणीला लागतो. जमिनीपासून उचलल्यावर बास (खालचे सूर) थोडा कमी भासतो, तो नॉबने भरून काढता येतो. दोन स्पीकरची पेटी आडवी ठेवली, तर दोन्ही स्पीकर मिळून रुंदी वाढते आणि आडव्या दिशेत झोत आणखी अरुंद होतो. तीच पेटी उभी केल्यास आवाज डावी-उजवीकडे अधिक पसरतो. हे वेगळ्या कॅबिनेटसाठी ठीक आहे. व्हॉल्व्ह कॉम्बो मात्र असा उभा करू नये, कारण त्यातली उष्णता बाहेर जाण्याची वाट बदलते.

यानंतर स्पीकरसमोर काही बसवण्याचे उपाय येतात. मधल्या टोपीसमोर, म्हणजे डस्ट कॅपसमोर, लहान घुमट किंवा चकती बसवून तिथला ट्रेबल आजूबाजूला विखुरण्याची पद्धत जुनी आहे. तयार ‘बीम ब्लॉकर’ मिळतात, आणि ग्रिल क्लॉथच्या (स्पीकरसमोरच्या कापडाच्या) मध्यावर गॅफर टेपची (कापडी चिकटपट्टीची) फुली मारणे हा त्यांचाच गरिबांचा अवतार होय. समोरची धार त्याने नक्की बोथट होते, मात्र मधल्या सुरांचा पोत काही ठिकाणी खडबडीत वाटू शकतो.

मला अधिक पटतो तो फोमचा डोनट, जो गिटारवादकांत ‘मिचेल डोनट’ म्हणून ओळखला जातो. यात मध्य झाकायचा नसतो, उलट तोच उघडा ठेवून भोवतालचा कागद फोमने झाकायचा असतो. फोम उंच सूर शोषतो आणि खालचे सूर जवळजवळ तसेच जाऊ देतो, त्यामुळे ट्रेबलपुरता स्पीकर भोकाएवढाच उरतो. भोक ३ इंचांचे, म्हणजे ७.६ सेंटिमीटरचे ठेवले, तर तेवढी तरंगलांबी साडेचार हजार हर्ट्झला येते. झोत बनण्याची सुरुवात १३०० वरून तिथवर सरकते.

फोम गादीवाल्याकडे मिळतो, पण तो उघड्या छिद्रांचा हवा. दीड इंच जाडीचा तुकडा तोंडाशी धरून फुंकावे. हवा आरपार गेली तर तो चालेल, अडली तर नाही. पॅकिंगचा बंद छिद्रांचा फोम आणि थर्मोकोल इथे निरुपयोगी, कारण ते आवाज शोषण्याऐवजी अडवतात. बॅफलच्या, म्हणजे स्पीकर ज्यावर बसवलेला असतो त्या फळीतले गोल भोक सर्व बाजूंनी झाकले जाईल असा सुमारे ३५ सेंटिमीटरचा गोल आखावा, मध्यबिंदूवर ३ इंचांचे वर्तुळ काढावे आणि धारदार कटरने फोम न दाबता, अनेक हलक्या फेऱ्यांत कापावा. एका दमात दाबून कापलेले भोक आतून नरसाळ्यासारखे निघते. प्रथम तो ग्रिल क्लॉथवर बाहेरूनच, भोक टोपीच्या बरोबर समोर येईल असा, टेपने लावून ऐकावा. पटल्यास तो ग्रिल आणि बॅफल यांच्यामध्ये बसवता येतो; तिथे पुरेशी खोली हवी आणि फोम कागदाला कुठेही टेकता कामा नये.

ग्रिल काढताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प चालू असताना स्पीकरची वायर कधीही काढू नये, कारण भार सुटल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. चॅसिस (आतल्या विद्युत भागांचा धातूचा सांगाडा) तर उघडूच नये, बंद अ‍ॅम्पच्या कपॅसिटरमध्येही घातक व्होल्टेज टिकून राहते. दुसरे म्हणजे, स्पीकरचे चुंबक लोखंडी स्क्रूड्रायव्हर अचानक ओढते आणि त्याचे टोक थेट कागदातून आरपार जाते, म्हणून मोकळा हात नेहमी कागद आणि पाते यांच्यामध्ये धरावा.

माइकवरून आवाज पीएमध्ये (सभागृहाच्या मोठ्या ध्वनियंत्रणेत) जात असेल, तर दूरच्या श्रोत्यांना झोताचा त्रास फारसा नसतो. माइक टोपीच्या मध्यावरून कडेकडे सरकवला तरी पुरते. डोनट बसवल्यावर एकूण ट्रेबल थोडा घटतो, त्यामुळे सगळे नॉब मध्यावर आणून पुन्हा तीच कमानीची फेरी मारावी आणि या वेळी ट्रेबल ठरवताना कान स्पीकरच्या उंचीवरच ठेवावा.