गोड बातमी कुणाला, कधी आणि किती सांगायची

माझं सासर बेळगावात वडगावला, माहेर चंदगड तालुक्यात. वन्सं निपाणीला, भाऊ पुण्यात, भिंतीला भिंत लागून कन्नड बोलणारं शेजार. अशा घरात दिवस गेल्याची बातमी एका दुपारीत दोन राज्यं फिरून येते आणि मग रोज कुणाचा ना कुणाचा फोन. म्हणून आता ज्या लेकीसुना विचारतात त्यांना मी सांगते, सगळ्यांना सगळं सांगत बसू नका. जो माणूस तुमच्या ज्या कामाला येणार आहे, त्याला तेवढं नीट कळवा.

पहिले तीन महिने नवरा, आई आणि सासूबाई, बास. गर्भ न टिकण्याची भीती याच काळात जास्त असते, त्यामुळे तोवर गप्प राहायची आपली रीत मला पटते. पण ही तीन माणसं हवीतच. काही बिनसलं तर कुणापाशी तरी रडता आलं पाहिजे.

आशाताईपासून मात्र लपवू नका. नाव बाराव्या आठवड्याच्या आत नोंदवायचं असतं. तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं तपासण्यांच्या नोंदीचं कार्ड), लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन हे सगळं तिथून सुरू होतं. गल्लीभर होईल अशी भीती वाटत असेल तर तिला स्वच्छ सांगा, "आक्का, अजून कुणाला म्हणू नका." माझ्या आशाताईंनी सासूबाईंच्या बहिणीलासुद्धा पत्ता लागू दिला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर सीमेपलीकडं, तर आणखी एक काम करा. आमच्या तायी कार्डावरचा छापील मजकूर कन्नडमध्ये होता. मी एका कागदावर मराठीत रक्तगट, हिमोग्लोबिन, झालेली इंजेक्शनं, पाळीची शेवटची तारीख आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख लिहून काढली. त्या कागदाचा आणि कार्डाचा फोटो नवऱ्याकडं, भावाकडं आणि आईच्या शेजारच्या मामींकडं ठेवला. घरच्या ग्रुपवर टाकला नाही. गाडीसाठी १०८ दोन्हीकडं चालतो. महाराष्ट्रात गरोदर बाईसाठी १०२ सुद्धा आहे. हे दोन नंबर आईच्या फोनमध्ये मीच घालून दिले.

मैत्रिणींना काय सांगायचं? माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, तो सांगितला. ओ निगेटिव्हला ओ निगेटिव्हचंच रक्त चालतं, ऐनवेळी शोधत कुठं फिरायचं? कॉलेजच्या ग्रुपवर विचारलं तर टिळकवाडीतली एक मैत्रीण आणि खानापूरचा एक वर्गमित्र त्याच गटाचे निघाले. त्यांचे नंबर नवऱ्याकडं दिले. निगेटिव्ह गट असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं डॉक्टरांना आठवणीनं विचारा. साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात एक असतं आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. ही गोष्ट घरात आणखी एकाला तरी माहीत असू द्या. बाळंतीण त्या वेळी काय काय लक्षात ठेवील!

अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी झाली की फोटो मागणारे वाढतात. डॉक्टरांशी बोलून होईपर्यंत तो कुणालाही पाठवू नये. अर्धवट माहितीवर दहा जण दहा शंका काढतात आणि रात्रभर आपल्याला झोप लागत नाही. "काय आहे म्हणे?" असं कुणी विचारलंच तर थेट सांगा, मुलगा की मुलगी हे तपासून घेणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि आम्हाला जाणूनही घ्यायचं नाही. डोहाळजेवणात पेढा-बर्फीचा खेळ असतो ना, त्यात मी दोन्ही वाट्यांत कुंदाच ठेवायला लावला. आत्ती जरा हिरमुसल्या, पण माझ्या पोटातल्या जिवाची पैज लागलेली मला नको होती.

डॉक्टरांची तारीख कागद दिलेली माणसं सोडून बाकी कुणाला सांगू नका. "गणपतीच्या आगेमागे" एवढं पुरे. मोजकीच बाळं ठरल्या तारखेला येतात. ती उलटली की "अजून नाही?" सुरू होतं आणि आईचा जीव अर्धा होतो. खुशाली द्यायला एक माणूस नेमा. आमच्याकडं वन्सं होत्या. मी आठवड्यातून एकदा त्यांना सांगायची, पुढं सगळ्यांना त्या. फक्त बाळाची हालचाल कमी वाटली तर फोन, ग्रुप, सल्ला काही नको, तडक दवाखाना. कळवणं मागाहून.

तयारीचं सांगताना "काही नको हो" म्हणू नका. लोक आणायचं ते आणतातच, आणि मग नवजात बाळाच्या मापाची झबली पेटीत पडून राहतात. मी नावानिशी मागितलं. भावाला सहा महिन्यांच्या मापाचे कपडे, वन्संना जुन्या सुती साड्यांची दुपटी, शेजारच्या कन्नड आक्कांना टोपडी. आक्का त्यांच्याकडच्या सीमंतासारखा (म्हणजे आपलं डोहाळजेवण) हिरवा चुडा आणि शेंगा होळगी, म्हणजे शेंगदाण्याची पोळी, घेऊन स्वतः आल्या. वाकळ मागायला आत्तींकडं फोन केला तर म्हणाल्या, "मी कवाच शिवून ठेवलो की गं." पाळणा आईकडचा जुनाच, फक्त दोऱ्या नव्या.

सगळ्यांत आधी पटवून ठेवायची गोष्ट म्हणजे बाळाच्या तोंडात काय जाणार. पहिल्या तासात आईचा चीक, सहा महिने फक्त आईचं दूध. मध नाही, गुटी नाही, डोळ्यांत काजळ नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून जीवघेणा आजार होऊ शकतो. हे बाळ हातात आल्यावर सांगितलं तर थोरल्यांना अपमान वाटतो. सातव्या महिन्यात सासूबाईंना तपासणीला सोबत नेलं आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलं. पुढं आजेसासूंनी मधाचं बोट पुढं केलं तेव्हा अडवलं ते सासूबाईंनीच.

बाळ झाल्याचा निरोप आधीच लिहून नवऱ्याच्या फोनमध्ये ठेवा, जागा रिकाम्या सोडून. पहिल्या ओळीत आईची तब्येत, मग बाळाची वेळ आणि वजन. त्याखाली भेटायला कधी यायचं, ते स्पष्ट. आमच्या निरोपात होतं: "बारशापर्यंत फक्त घरचे. हात धुऊन बाळाला घ्या, मुका घेऊ नका. सर्दी-खोकला असेल तर बरं वाटल्यावर या."