टॉर्च कोरलच्या बुडाशी शेवाळ धरलं तर

न्यू जर्सीत एडिसनच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलाशेजारी दीडशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दोन वर्षांपूर्वी महिनाभर मालवणला गेलो, तेव्हा माशांना खाणं घालायला शेजारी यायचे. चिमूटभर सांगितलं होतं, त्यांनी प्रेमाने मूठभर घातलं. आम्ही परतलो तेव्हा टॉर्च कोरलच्या, म्हणजे लांब मऊ हात डुलवणाऱ्या एका कठीण प्रवाळाच्या, बुडाशी बोटभर लांब हिरवे केस डुलत होते.

आधी कोरल नीट न्याहाळा. जिवंत, निरोगी कोरलच्या अंगावर हे शेवाळ सहसा मूळ धरत नाही. ते बसतं उघड्या पडलेल्या सांगाड्यावर, नाहीतर ज्या सिरॅमिक प्लगवर तुकडा चिकटवलाय त्यावर. मग तिथून वाढून शेजारच्या जिवंत भागाला घासतं, त्याचा उजेड अडवतं आणि कोरल मिटून राहतं. म्हणून औषध अख्ख्या टाकीत ओतू नका. जिथे शेवाळ आहे तिथेच हात घाला.

टाकीतलंच दोन-तीन लिटर पाणी एका टबमध्ये काढा. कोरल प्लगसकट उचला, पॉलिप, म्हणजे त्याचा मऊ जिवंत भाग, मिटेपर्यंत थांबा, मग टबच्या पाण्यात धरून चिमट्याने शेवाळाचे झुपके बुडापासून उपटा. वरवर तोडलं तर आठवड्यात पुन्हा येतं. उरलेलं जुन्या टूथब्रशने प्लगवरून खरवडा. तरीही खाचांत हिरवं दिसलं, तर कोरल आडवं धरून केमिस्टकडे मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड बारीक ब्रशने फक्त प्लगला आणि मेलेल्या सांगाड्याला लावा. जिवंत भागावर ओघळू देऊ नका. फेस येईल. मिनिटभराने दुसऱ्या टबातल्या, टाकीच्याच पाण्यात खळखळून धुवा आणि मगच परत ठेवा, कारण कोळंबींना पेरॉक्साइड सोसत नाही. दोन-तीन दिवसांत शेवाळ पांढरं पडतं. टबातलं पाणी टाकीत परत ओतू नका, त्यात शेवाळाचे तुकडे असतात.

झोअँथिड, म्हणजे बटणासारखे दिसणारे मऊ कोरल, साफ करत असाल तर हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावू नका. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. कोरडं घासणं, गरम पाणी ओतणं, उकळणं अजिबात नको. या बाबतीत मी घरात कुणाचंही ऐकत नाही.

हिरवे काचेसारखे फुगे दिसले तर तो बबल अल्गी. तो टाकीबाहेर, न फोडता, बुडाशी धरून अलगद उपटून काढायचा.

आता मूळ कारण. जास्तीच्या खाण्यातून पाण्यात फॉस्फेट येतं आणि त्यावर शेवाळ पोसतं. माझा फॉस्फेटचा टेस्ट शून्याजवळ यायचा आणि मी बुचकळ्यात पडायचे. पाण्यात आलेलं फॉस्फेट शेवाळच पिऊन टाकत होतं, म्हणून आकडा कमी दिसत होता. घाबरून मी जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषून घेणारे लोहाचे दाणे, दुप्पट घातलं आणि आठवड्याभरात कोरल फिकट पडले. कोरललाही थोडं फॉस्फेट लागतंच, आणि ते शून्यावर नेलं तर डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्मजीवांचा चिकट तपकिरी थर यायची भीती असते. आता मी फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम आणि नायट्रेट ५ ते १० पीपीएमच्या दरम्यान ठेवते. टाकीत घालायच्या आरओच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, त्या वेळी १४ निघाला, तो शून्य हवा. म्हणून उरलेले क्षार शोषणारं फिल्टरचं डीआय रेझिन बदललं. दर रविवारी दहा टक्के पाणी बदलते, आणि गोठवलेलं खाणं गाळणीत धुऊन मगच माशांना घालते. ट्रोकस गोगलगायी पाच आणल्या. त्या कोवळं शेवाळ छान खातात, लांब केसांना मात्र शिवत नाहीत, म्हणून ते आधी हाताने काढावंच लागतं.

पुण्याचा भाचा विचारतो, मावशी, मलाही अशी टाकी लावायची आहे. त्याला सांगते, भारतात कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते घरी आणायचे नाहीत. मालवणच्या समुद्रातले पाण्याखाली जाऊन बघ.

साफसफाईनंतर चार-पाच महिन्यांनी टॉर्चच्या त्या उघड्या बुडावर जांभळट गुलाबी, टणक साय धरू लागली. ती कोरलाइन अल्गी. तिला ब्रश लावू नका, तिने व्यापलेल्या जागेवर हिरव्या केसांना सहज शिरकाव मिळत नाही.