मारियाडीबीला डिस्कची वाट पाहायला लावा (डेबियन १२)

तालुक्याच्या एका वाचनालयातला, डेबियन १२ लिनक्सवर चालणारा कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरचा सर्व्हर मी सांभाळते. पुस्तकांची, सभासदांची सगळी नोंद मारियाडीबी या डेटाबेसमध्ये आहे. जागा पुरेना म्हणून तो डेटा मी दुसऱ्या डिस्कवर, /एसआरव्ही/डेटा इथे हलवला. त्यानंतर लाइट जाऊन यूपीएसने मान टाकली की पुढच्या वेळी मशीन नीट सुरू व्हायचं, पण कॅटलॉग उघडायचा नाही. पुस्तक बदलायला आलेली माणसं काउंटरपाशी ताटकळायची. मी हाताने सर्व्हिस सुरू केली की ती पहिल्या फटक्यात चालायची.

हाताने चालते आणि बूटला (मशीन सुरू होताना) पडते, म्हणजे सर्व्हिस धडधाकट आहे, क्रम चुकतोय. असं दिसलं की आधी ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ बघा, मग ‘जर्नलसीटीएल -बी’ सावकाश वाचा. (आज्ञा, फाईलींची नावं आणि त्यातल्या ओळी इथे उच्चाराप्रमाणे दिल्यात, मशीनवर रोमनमध्येच टाका.) फक्त त्या सर्व्हिसचा लॉग काढू नका, पूर्ण बूटचा काढा. माझ्याकडे मारियाडीबी ‘डिरेक्टरी सापडत नाही’ म्हणून बंद पडली होती आणि डिस्क माउंट झाल्याची (जोडली गेल्याची) ओळ त्याच्या खाली होती. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) त्या डिस्कपुढे मीच ‘नोफेल’ लिहिलं होतं. ते असलं की बूट डिस्कसाठी थांबत नाही. ते काढू नका. काढलंत आणि एखाद्या दिवशी डिस्क सापडली नाही, तर मशीन ९० सेकंद वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये जाईल आणि एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरूनही, आत शिरता येणार नाही.

वाट मारियाडीबीने पाहायची. इथेच माझी पहिली चूक झाली. /लिब/सिस्टिमडी/सिस्टिम मधली मूळ युनिट फाईल (सर्व्हिस कशी सुरू करायची ते सांगणारी) उघडून मी वाट पाहायला सांगणारी ओळ घातली. दोन महिने सुखाचे गेले. मग एक अपग्रेड आलं आणि माझी ओळ नाहीशी झाली. /ईटीसी मधली फाईल आपण बदललेली असली तर पॅकेजं बसवणारा डीपीकेजी कोणती ठेवू असं विचारतो. /लिब मधली तो न विचारता नवी टाकतो, कारण ती पॅकेजची मालमत्ता आहे.

म्हणून ‘सुडो सिस्टिमसीटीएल एडिट मारियाडीबी’. नॅनो उघडेल. वर दोन कॉमेंट दिसतील, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतच लिहायचं. दुसऱ्या कॉमेंटखाली मूळ फाईल दाखवलेली असते, तिथे लिहिलेलं सगळं फेकून दिलं जातं. लिहायच्या ओळी दोनच:

[युनिट]
रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एसआरव्ही/डेटा

सेव्ह केल्यावर /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम/मारियाडीबी.सर्व्हिस.डी मध्ये ‘ओव्हरराइड.कॉन्फ’ तयार होते. डेमन-रीलोड, म्हणजे सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टिमडीला फाईली पुन्हा वाचायला लावणं, ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ स्वतःच करते. तीच फाईल पुढे थेट एडिटरने बदललीत, तर मात्र ‘सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड’ स्वतः द्या. मग ‘सिस्टिमसीटीएल कॅट मारियाडीबी’ चालवा. मूळ फाईल आणि तिच्याखाली आपल्या ओळी, दोन्ही दिसल्या पाहिजेत.

याच पद्धतीने कधी एक्झेकस्टार्ट (सर्व्हिस सुरू करणारी आज्ञा) बदलायची वेळ आली, तर आधी ‘एक्झेकस्टार्ट=’ अशी रिकामी ओळ लिहा आणि खाली नवी. नाहीतर सिस्टिमडी दोन्ही जमेस धरतो आणि बहुतेक सर्व्हिस सुरूच होत नाहीत.

डेटाबेसच्या सेटिंगलाही हाच नियम. ‘५०-सर्व्हर.सीएनएफ’ला हात लावू नका, शेजारी स्वतःची ‘९९-वाचनालय.सीएनएफ’ ठेवा. फाईली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि शेवटची वरचढ ठरते. तरीही कधी अपग्रेडमध्ये डीपीकेजीने विचारलंच, तर घाईने वाय (‘नवी घ्या’) दाबू नका. डी दाबून फरक वाचा. नुसतं एंटर दाबलंत तर तुमची फाईल राहते आणि नवी शेजारी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ शेपटी लावून बसते. ती सवडीने उघडून बघाच, कधीकधी तिच्यात सुरक्षेचा बदल असतो.

आणि ईटीसीकीपर आजच टाका. /ईटीसी मधला प्रत्येक बदल तो गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेवतो, एपीटीने पॅकेजं बसवण्याच्या आधी आणि नंतर आपणहून कमिट, म्हणजे नोंद, करतो. मी प्रत्येक बदलाच्या कमिटमध्ये कारण मराठीतच लिहिते: ‘लाइट गेल्यावर डिस्क उशिरा येते म्हणून’. मी रजेवर असताना हे मशीन सांभाळणाऱ्या ग्रंथपालबाईंना ते वाचता आलं पाहिजे.

शेवटची परीक्षा रीबूटची. वाचनालय बंद झाल्यावर रीबूट करा, सर्व्हिसला हात न लावता कॅटलॉग उघडा, एखादं पुस्तक शोधून बघा. सलग तीनदा उघडला, तेव्हाच मी दिवे मालवून घरी गेले.