सोलर चार्जर घ्यायचा की नाही? अलिबाग ते गोवा सायकलने जाण्याआधीची तयारी

पॅनेल शोधायला नंतर बसा, आधी कागद-पेन घ्या. आठ-नऊ दिवसांच्या प्रवासात रोज काय काय चार्ज करावं लागणार, ते लिहून काढा. मोबाइल तर आलाच. पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, सायकल कॉम्प्युटर असेल तर तो, आणि कुणाचा कॅमेरा. प्रत्येकापुढे बॅटरीचा आकडा लिहा. हा आकडा एमएएचमध्ये (मिलीअँपिअर-तासांत) असतो आणि तिथेच फसगत होते. त्याला बॅटरीच्या व्होल्टने गुणा, १०००ने भागा, म्हणजे वॅट-तास मिळतात. ५००० एमएएचचा मोबाइल साधारण १९ वॅट-तासांचा होतो. नकाशा चालू ठेवून दिवसभर सायकल चालवली, वर फोटो काढले, की तो रोज एकदा पूर्ण भरावा लागतो. दिवे आणि बाकीचं किडुकमिडुक धरून माझी बेरीज रोज २५ वॅट-तासांच्या आसपास येते. तुमची वेगळी येईल, पण येऊ द्या. ही बेरीज केल्याशिवाय पॅनेल घेणं म्हणजे माणसं न मोजता भात टाकण्यासारखं आहे.

मग मुक्कामांची यादी करा आणि प्रत्येकापुढे ‘सॉकेट आहे’ किंवा ‘नाही’ असं लिहा. मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, देवगड, मालवण, वेंगुर्ले असे मुक्काम घरगुती खोल्यांमध्ये असतील तर खरं सांगतो, सोलरची गरज नाही. अडचण वेगळीच असते. खोलीत चार जण आणि सॉकेट एकच, तोही टीव्हीच्या मागे. त्यावर उपाय म्हणजे दोन-तीन तोंडांचा एक दणकट चार्जर आणि छोटं एक्स्टेंशन. सहा-सातशे ग्रॅमचं पॅनेल त्यासाठी वाहून नेऊ नका. तंबूत किंवा देवळाच्या, शाळेच्या ओसरीवर झोपणार असाल, रात्री वीज गेली तर सकाळी अडणार असाल, तरच पुढचं वाचा. मनाली ते लेह जाणाऱ्यांचा हिशेब निराळा. सरचू, पांगसारख्या ठिकाणी तंबूवाल्याचा जनरेटर संध्याकाळी चालेल तेवढीच वीज. तिथे पॅनेल खरोखर कामाला येतं. फक्त रात्री पॉवर बँक झोपायच्या पिशवीत घेऊन झोपा, आणि बॅटरी शून्याखाली गार असताना तिला चार्जिंगला लावू नका.

पॅनेलच्या आधी पॉवर बँक ठरवा. १०,००० एमएएच लिहिलेल्या बँकेत ३७ वॅट-तास असतात, पण आतले ३.७ व्होल्ट बाहेर ५ होताना गळती होते आणि हाती साधारण ६०००-६५०० एमएएच येतात. चांगल्या बँकेवर हा दुसरा आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो, तो वाचा. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही पाहा. माझ्या २५ वॅट-तासांच्या हिशेबाला २०,००० एमएएचची बँक दोन दिवस पुरते. गोव्याहून विमानाने परतणार असाल तर १०० वॅट-तासांच्या आतलीच घ्या आणि ती हातातल्या सामानात ठेवा.

आता एक सापळा. पाठीवरच छोटं सोलर पॅनेल बसवलेली पॉवर बँक मिळते. स्वस्त, आटोपशीर, जाहिरातीत तर डोंगरमाथ्यावर. पहिल्या वेळी मीही तीच घेतली होती. साधं गणित करायला हवं होतं. भर उन्हात चौरस मीटरवर साधारण १००० वॅट पडतात आणि चांगला सोलर सेल त्यातले २० टक्क्यांच्या जरा वर वीज करतो. म्हणजे दर १०० चौरस सेंटिमीटर काळ्या सेलमागे जेमतेम दोन वॅट. त्या बँकेचा काळा भाग तेवढाच असतो. २०,००० एमएएचचे ७४ वॅट-तास भरायला रोज पाच तास कडक ऊन धरलं तरी आठवडा जाईल. त्यात लिथियमची बॅटरी उन्हात भाजत ठेवायची, आणि ४५ अंशांच्या वर ती चार्ज करणं तिच्या आयुष्याला वाईट. माझी दिव्यासारखी वापरली गेली, इतकंच.

हेच गणित घडीच्या पॅनेललाही लावा. दुकानदार ‘२८ वॅट’ म्हणाला तर पट्टी काढून फक्त काळ्या सेलची लांबी-रुंदी मोजा; कापडाची कड धरू नका. २८ वॅटसाठी १३०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास जागा हवी. निम्मीच असेल तर वॅट कागदावरच आहेत. शिवाय छापील वॅट २५ अंश तापमानाचे असतात. कोकणातल्या दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत सहज तापतं आणि दर अंशाला साधारण ०.४ टक्के उत्पादन घटतं. २१ वॅटच्या पॅनेलमधून नीट उन्हाकडे तोंड करून १२ वॅट मिळाले तर मी समाधानी असतो. तीन तासांत ३६ वॅट-तास. बँकेत शिरताना आणि बाहेर पडताना होणारी गळती वजा केली की माझ्या दिवसाच्या गरजेच्या जवळ. म्हणून एकट्यासाठी २० ते २८ वॅट, त्याहून लहान नको. मोठं घेतलं तर वजन वाढतं आणि ते पसरायला जागाही सापडत नाही. बाहेर ५ व्होल्टचं यूएसबी तोंड हवं. १८ व्होल्टवालं पॅनेल मोठ्या बॅटऱ्यांसाठी असतं. वरचा थर ईटीएफई नावाच्या प्लास्टिकचा असेल तर तो साध्या पीईटी प्लास्टिकपेक्षा जास्त टिकतो.

ते पॅनेल कॅरिअरवर पसरून चालत्या सायकलवर चार्ज होईल, ही कल्पना मात्र डोक्यातून काढा. आंबा-काजूच्या सावल्या आहेतच, आणि सेल एकामागून एक जोडलेले असल्यामुळे एकावर सावली पडली तरी सगळ्यांचा जोर जातो. पण खरी गंमत दिशेत आहे. आपण जातो दक्षिणेला, तेही डिसेंबरात. रत्नागिरीला त्या दिवसांत भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपासच असतो, आणि असतो दक्षिणेकडे, म्हणजे आपल्या तोंडासमोर. मग आपली सावली कुठे पडते? मागच्या कॅरिअरवर, बरोबर पॅनेलवर! गोव्याहून अलिबागला येणाऱ्याला तेच पॅनेल जास्त वीज देईल. अर्थात त्यासाठी कुणी उलटा प्रवास करू नये.

तेव्हा पॅनेल विश्रांतीसाठी निवडा, धावण्यासाठी नाही. बारा ते तीन कोकणात तसंही कुणी शहाणा माणूस चढ चढत नाही. खानावळीत जेवा, आडवे व्हा, आणि पॅनेल अंगणात सायकलला टेकवून दक्षिणेकडे तिरपं उभं करा. जमिनीवर आडवं टाकलं तर सुमारे पाऊण पटच मिळतं. अर्ध्या तासाने उठून सूर्याकडे फिरवा. आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेसवीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला जाताना फेरीबोटीची वाट पाहावी लागते. तो वेळही सोन्यासारखा. त्यासाठी घडी एका हाताने उघडणारी हवी, कोपऱ्यांना कड्या हव्यात, आणि दोन छोटे कॅराबिनर (झटकन अडकवायचे धातूचे हुक) व एक बंजी दोरी जवळ ठेवा. समुद्राचा वारा पॅनेल पतंगासारखं उचलतो.

पॅनेलला मोबाइल थेट जोडू नका. ढग आला की प्रवाह तुटतो, ढग गेल्यावर मोबाइल कधी पुन्हा सुरू होतो, कधी रुसून मंद गतीवर अडून राहतो. पॅनेल बँक भरेल, बँक रात्री मोबाइल भरेल. बँक पॅनेलच्या मागच्या खिशात ठेवायचा मोह होतो. तो खिसा म्हणजे भट्टी. केबल एक मीटरची, जाड घ्या म्हणजे बँक सावलीत राहील. केबल दोन ठेवा. पॅनेल क्वचित बिघडतं, केबल नेहमी.

खारी हवा यूएसबीच्या तोंडांना गंज आणते. रबरी झाकण असलेलं पॅनेल घ्या, संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसा आणि घट्ट पिशवीत सिलिका जेलची एखादी पुडी टाका. पॅनेलवर छापलेला पाणी सोसण्याचा दर्जा बहुतेक वेळा पत्र्यापुरता असतो, तोंडांच्या डबीला लागू नसतो. जून ते सप्टेंबर हा विषयच काढू नका.

चालत्या सायकलवर वीज हवीच असेल तर डायनॅमो हब हा खरा पर्याय. वडिलांच्या सायकलला टायरवर घासणारा डायनॅमो असायचा आणि चढावर दिवा मिणमिणायचा, तोच सुधारून चाकाच्या मध्यात बसवलेला. ६ व्होल्ट, ३ वॅट. दिवसाला सहा तास चालवलं तर मोबाइलची बरीचशी भूक भागते, ढग असो वा रात्र. पण चाक नव्याने बांधावं लागतं आणि खर्च पॅनेलच्या कितीतरी वर जातो. वर्षातून एकदा जाणाऱ्याने त्यात पडू नये.

घेतलेलं पॅनेल निघायच्या दोन आठवडे आधी गच्चीवर नेऊन पाहा, म्हणजे परत करायची मुदत हातात असते. काही शे रुपयांचा यूएसबी मीटर आणा, अर्धी रिकामी पॉवर बँक जोडा आणि बारा वाजता व्होल्ट गुणिले अँपिअर किती येतात ते लिहा. नऊ वाजता, चार वाजताही लिहा. एका घडीवर हात धरून आकडा कसा कोसळतो तेही बघा. छापील वॅटच्या निम्म्याच्याही खाली राहिलं तर बिनदिक्कत परत करा.

निघायच्या आदल्या रात्री बँक, दिवे, मोबाइल सगळं घरच्या सॉकेटवर पूर्ण भरून घ्या, नकाशे ऑफलाइन उतरवा. पॅनेल पॅनिअरमध्ये (कॅरिअरला लावायच्या पिशवीत) सगळ्यात वर ठेवा. दुपारी थांबलात की ताटावर बसण्याआधी तेच बाहेर काढायचं आहे.